किल्लीशिवाय कुलूप: पिक घरी बनवण्यापासून पहिलं कुलूप उघडेपर्यंत

शिमगा आटोपला की घर बंद करायचं आणि गणपतीला येऊन उघडायचं, हे कोकणातल्या कितीतरी घरांचं वर्षाचं वेळापत्रक आहे. मधल्या काळात मे महिन्याचा घामट उकाडा असतो आणि मग पाऊस. कुलूप कोयंड्याला तसंच लटकून राहतं आणि खारी हवा त्याच्या पोटात मुरते. चतुर्थीच्या आदल्या रात्री सामानासकट गाडीतून उतरलेली माणसं बॅटरीच्या उजेडात किल्ली फिरवू लागतात. ती फिरत नाही, आणि जोर लावला की आतच मोडते. मग शेजारून हातोडा-छिन्नी येते. कुलूप तर जातंच, आजोबांच्या वेळचा सागवानी दारातला कोयंडाही उखडला जातो.

प्रत्येक वाडीत एका तरी माणसाला किल्लीशिवाय, काही न फोडता कुलूप उघडता आलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. ही विद्या अवघड नाही. पिक म्हणजे कुलपातल्या पिना उचलायची बारीक पोलादी पट्टी. ती आणि तिच्या जोडीची हत्यारं साध्या वस्तूंतून घरी बनतात. वेळ लागतो तो बोटांना सवय लावायला, आणि त्यातही ताण धरणाऱ्या हाताला.

दोन नियम आधी सांगतो. कुलूप स्वतःचं असावं, नाहीतर मालकाने शेजारी उभं राहून सांगितलेलं असावं. दुसरा नियम, रोजच्या वापरातल्या कुलपावर सराव करायचा नाही. पिना खरचटतात, स्प्रिंग वाकते आणि ऐन वेळी खऱ्या किल्लीनेही दार उघडत नाही. कायद्याची बाजूही माहीत असू द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कुलूप उघडून दुसऱ्याच्या घरात शिरणं घरफोडीत मोडतं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ प्रमाणे सूर्यास्त ते सूर्योदयाच्या दरम्यान सबळ कारणाशिवाय घरफोडीची हत्यारं जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. तेव्हा पिकांचा डबा घरात ठेवायचा, खिशात घालून रात्री फिरायचं नाही.

कुलपाच्या पोटात काय असतं

बाजारात मिळणारी कुलपं किल्लीवरून ओळखता येतात. गोल दांडीच्या टोकाला पत्र्याचा दातेरी पंख असलेली किल्ली म्हणजे लिव्हरचं कुलूप. आपल्याकडची जुनी जाडजूड कुलपं बहुतेक याच जातीची. आत एकावर एक पितळी पट्ट्या असतात आणि त्या उचलायला वेगळी हत्यारं लागतात. नवशिक्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. कपाटाच्या किंवा टेबलाच्या खणाच्या कुलपात पत्र्याच्या पातळ चकत्या असतात. ती सहज उघडतात, पण त्यातून फारसं शिकायला मिळत नाही. आपल्याला हवं ते चपट्या, एका कडेला डोंगर-दऱ्या कापलेल्या किल्लीचं, म्हणजे पिनांचं कुलूप. नाईट लॅच आणि बरीचशी पितळी कुलपं या प्रकारात येतात.

अमेरिकेत लायनस येल थोरले यांनी १८४८ मध्ये पिनांच्या कुलपाचं पेटंट घेतलं आणि त्यांच्या मुलाने १८६० च्या दशकात ते आजच्या सुटसुटीत रूपात आणलं. रचना आजही तीच आहे. बाहेरच्या धातूच्या अंगात एक गोल दांडा फिरतो, त्याला प्लग म्हणतात. किल्ली याच प्लगमध्ये जाते. अंगातून प्लगमध्ये उतरणारी एका ओळीत पाच-सहा भोकं असतात. प्रत्येक भोकात दोन पिना एकीवर एक बसलेल्या आणि त्यांच्या डोक्यावर स्प्रिंग. खालची पिन किल्लीला टेकते आणि भोकागणिक तिची लांबी कमी-जास्त असते. किल्ली नसताना स्प्रिंग वरच्या पिनेला खाली दाबते. ती पिन अर्धी अंगात आणि अर्धी प्लगमध्ये राहते, म्हणून प्लग फिरत नाही. बरोबर किल्ली घातली की प्रत्येक जोडीमधली फट नेमकी प्लगच्या कडेवर येते. या कडेला शिअर लाइन म्हणतात. सगळ्या फटी तिथे आल्या की प्लग मोकळा होतो.

आता यातली खोच. भोकं एका सरळ रेषेत आहेत असं वाटतं, पण कारखान्यात ती पाडताना मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका इकडे-तिकडे फरक राहतोच. त्यामुळे प्लगला किंचित पीळ दिला की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत. आधी एकच अडकते. तीच उचलायची. तिची फट कडेवर आली की प्लग केसभर फिरतो, वरची पिन त्या कडेवर अडून वरच राहते आणि मग दुसरी कुठली तरी पिन अडकते. हेच शेवटपर्यंत. सगळी विद्या या एका दोषावर उभी आहे.

लंडनच्या पिकॅडिलीतल्या ब्रामा कंपनीने आपलं एक कुलूप १७९० मध्ये दुकानाच्या खिडकीत मांडलं होतं. ते उघडणाऱ्याला दोनशे गिनी बक्षीस होतं. ते साठ वर्षं कोणाला उघडलं नाही. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी अल्फ्रेड हॉब्स या अमेरिकन कारागिराने ते उघडलं. त्याला सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास लागले. त्या कुलपाची रचना वेगळी होती, पण हॉब्सनेही पीळ देऊन कुठला भाग अडकतो हेच बोटांनी चाचपलं होतं. चांगलं कुलूप बनवायचं तर ते कसं उघडतं हे आधी कळावं लागतं, आणि त्यानंतर कुलूपकारांना नवे उपाय शोधावेच लागले. आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली तेव्हा या घटनेला अर्धं शतकही झालं नव्हतं.

पिकसाठी पोलाद कुठून आणायचं

पिकची पट्टी साधारण अर्धा मिलिमीटर जाड असावी आणि तिला स्प्रिंगचा गुण हवा. वाकवली तर परत सरळ व्हायला हवी. साध्या पत्र्याचं किंवा खिळ्याचं काम नाही, ते वाकतं आणि वाकलेलंच राहतं.

माझी पहिली पसंती फीलर गेजला, म्हणजे बारीक फटी मोजायच्या पातळ पोलादी पानांना. मोटारसायकलच्या स्पेअर पार्टच्या दुकानात किंवा हार्डवेअरवाल्याकडे हा पानांचा संच मिळतो. चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ अशा बाजाराच्या गावांत तो शोधावा लागत नाही. यातलं ०.५० आणि ०.६० मिलिमीटरचं पान घ्यायचं. पोलादाला पाणी आधीच बेतशीर दिलेलं असतं (म्हणजे तापवून-निववून कडक केलेलं असतं), कानशीने नीट घासलं जातं आणि कामाला लगेच तयार असतं.

दुसरा पर्याय हॅक्सॉ ब्लेड. ते साधारण ०.६ मिलिमीटर जाड असतं. यात दोन जाती आहेत. एक पूर्ण कडक ब्लेड, वाकवलं की काचेसारखं तुटतं आणि कानस त्यावरून नुसती घसरते. दुसरं लवचिक ब्लेड, ज्याचे फक्त दात कडक असतात आणि पाठ नरम. दुकानदाराला ‘फ्लेक्सिबल’ द्या असं सांगा आणि घरी येऊन पाठीवर कानस फिरवून बघा. चावली तर घ्या. कडक ब्लेड भट्टीत लाल करून नरम करायचं, आकार द्यायचा आणि पुन्हा पाणी द्यायचं, हा लोहाराच्या अनुभवाचा भाग आहे. नवशिक्याने त्यात वेळ घालवू नये.

तिसरी वस्तू टेन्शनरसाठी, म्हणजे प्लगला पीळ देणाऱ्या पट्टीसाठी. गाडीच्या जुन्या वायपरच्या रबरात स्टेनलेसच्या दोन लांब पट्ट्या असतात. साधारण पाऊण ते एक मिलिमीटर जाड, आणि खाऱ्या हवेतही गंजत नाहीत. पावसाळा संपता संपता गॅरेजच्या कोपऱ्यात झिजलेल्या वायपरांचा ढीग पडलेला असतो. मागितले तर कोणी नाही म्हणत नाही.

बाकी सामान असं: एक छोटा वाइस (काम घट्ट पकडायचा शिकंजा), चपटी कानस, सोनाराकडे असतात तशा बारीक कानशींचा संच (त्यात एक गोल आणि एक अर्धगोल असलीच पाहिजे), पाण्यात घासायचा पॉलिश पेपर २२०, ४००, ८०० आणि १२०० नंबरचा, पकड, आणि डोळ्यांवर चष्मा. चष्म्याशिवाय पोलाद कापू किंवा मोडू नका. पट्टीचा तुकडा उडून डोळ्यात गेला तर तालुक्याच्या गावी इलाज होईलच असं नाही.

हुक बनवणं

सुरुवातीला एकच पिक बनवा, छोटा हुक. बाजारातल्या संचात वीस-वीस आकार असतात आणि त्यातले बहुतेक कधीच वापरले जात नाहीत. चांगला घासलेला एक हुक आणि दोन टेन्शनर एवढ्यावर महिनोन्महिने शिकता येतं.

चौकटीच्या कागदावर आधी आकार काढा. एकूण लांबी शंभर मिलिमीटर. त्यातली साठ मुठीसाठी, तिथे पट्टी पूर्ण रुंद ठेवायची. उरलेली चाळीस म्हणजे कुलपात जाणारी मान, तिची उंची अडीच मिलिमीटर. टोकाला हुक वर चढतो, मानेच्या तळापासून त्याच्या माथ्यापर्यंत चार मिलिमीटर. हुकाचं डोकं सव्वा-दीड मिलिमीटर रुंद आणि गोलसर. कागद कापून पट्टीवर फेविकॉलने चिकटवा. वाळला की टोकदार खिळ्याने कडेने रेघ मारून घ्या, कारण पाणी लागल्यावर कागद निघून येतो.

ब्लेड असेल तर आधी दात घासून टाका. मग जादा भाग काढायचा. ग्राइंडर असेल तर काम पाच मिनिटांचं, पण पोलाद तापतं हे विसरू नका. शेजारी पाण्याचा टमरेल ठेवा आणि दोन-तीन सेकंदांनी पट्टी बुडवा. पोलाद तापताना रंग बदलतं, आधी पिवळसर, मग तपकिरी, जांभळं आणि शेवटी निळं. निळ्याच्या पुढे गेलं की तेवढ्या भागाचं पाणी उतरलं, स्प्रिंग गेली. मान तिथे वाकेल आणि वाकलेलीच राहील. उघड्या बोटाने पट्टी धरा, बोटाला चटका बसायच्या आत बुडवा, म्हणजे तापमान हाताबाहेर जात नाही. ग्राइंडर नसेल तर नुसत्या कानशीनेही होतं. संध्याकाळचे दोन तास जातील, पण हात जास्त बसतो.

रेघेपासून अर्धा मिलिमीटर अलीकडे थांबा आणि पट्टी वाइसमध्ये दोन लाकडी फळ्यांच्या मध्ये धरा, रेघ फळीच्या अगदी काठाशी. पट्टी जास्त बाहेर राहिली तर थरथरते आणि कानस उड्या मारते. कानस पुढे ढकलतानाच घासायची, मागे आणताना उचलायची. हुकाच्या आतल्या वळणाला गोल कानस लावा. दोन जागा जपा. एक, हुक मानेतून वर वळतो तो कोपरा. दुसरी, मान मुठीला मिळते तो कोपरा. दोन्हीकडे काटकोन ठेवू नका, मोठा गोलावा ठेवा. पिक तुटतं ते याच दोन ठिकाणी, कारण टोकदार कोपऱ्यात सगळा ताण गोळा होतो आणि तिथून बारीक चीर पळते.

आकार आला की पॉलिश पेपर. माझ्या मते इथेच घरचं पिक विकतच्या पिकला मागे टाकू शकतं. २२० ने कानशीचे ओरखडे काढा, मग ४००, ८०० आणि १२००, प्रत्येक वेळी आधीच्या ओरखड्यांना आडवं घासत. चारही कडांची धार मोडा. पुरेसं झालं की नाही हे डोळ्याला कळत नाही, म्हणून एक परीक्षा करा. देवाच्या वातीचा कापूस घ्या आणि मान त्यातून हलके ओढून काढा. एक जरी धागा अडकला तर तिथे अजून किनार आहे. पुन्हा घासा, पुन्हा कापसातून ओढा. पिक कापसातून निघालं की ते पिनेखालून घसरताना खरखर करत नाही, आणि मग जी खरखर जाणवते ती कुलपाची असते.

मुठीवर हीट-श्रिंक नळीचे दोन थर चढवा आणि मेणबत्ती जरा लांब धरून आक्रसवा. वायरमनची टेप कोकणातल्या दमटपणात चिकट होऊन सरकते. फीलर गेजचं पोलाद आणि ब्लेड दोन्ही गंजतात, म्हणून काम झालं की शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवून पिकं झाकणाच्या डब्यात ठेवा.

आता टेन्शनर. वायपरच्या पट्टीचा दहा-बारा सेंटिमीटरचा तुकडा कापा. टोकाकडचे सात-आठ मिलिमीटर काटकोनात वाकवा, पण वाइसच्या धारदार जबड्यावर नाही, नाहीतर स्टेनलेस तडकतं. जाड खिळा आडवा धरून त्याच्या गोलावर वाकवा. हा पाय किल्लीच्या भोकाच्या तळाशी, पिनांच्या विरुद्ध बाजूला बसतो. दुसरा टेन्शनर तीन-चार मिलिमीटरच्या आखूड पायाचा. तो पिनांच्या बाजूला, पहिल्या पिनेच्या अलीकडे घट्ट बसला पाहिजे. बसत नसेल तर कानशीने जाडी थोडी थोडी कमी करत न्या. हा दुसरा मला जास्त आवडतो. भोक मोकळं राहतं, पिकला हलायला जागा मिळते आणि पिनेची हालचाल बोटापर्यंत स्वच्छ पोचते.

सरावाचं कुलूप तयार करणं

नवं पाच पिनांचं कुलूप सरळ हातात घेऊन बसलात तर काय चाललंय ते कळणार नाही. नाईट लॅचचा सुटा सिलिंडर विकत मिळतो, तो घ्या आणि उघडून एका पिनेचं कुलूप करा.

परातीत जुना टॉवेल पसरा, सगळं काम तिच्यावर करायचं. पिना आणि स्प्रिंगा उडतात आणि फरशीवर पडल्या की सापडत नाहीत. प्लगच्या जाडीचा लाकडी दांडा सुताराकडून करून घ्या, किंचित सैल चालेल. सिलिंडरच्या मागची पट्टी स्क्रूने किंवा सर्क्लिपने (खाचेत बसणाऱ्या गोल क्लिपने) बसवलेली असते, ती काढा. किल्ली घालून प्लग थोडा फिरवा, घड्याळात बारावरून एकवर गेल्याइतका. असा फिरवला की वरच्या पिना भोकांतच अडून राहतात. आता मागून लाकडी दांडा प्लगला टेकवून पुढे ढकला, प्लग आणि दांडा यांच्यात फट पडू न देता. प्लग बाहेर येईल आणि त्याची जागा दांडा घेईल. प्लगमधल्या खालच्या पिना क्रमाने मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांत ठेवा, पहिली पहिल्या वाटीत, दुसरी दुसऱ्या. सिलिंडर उलटा धरून दांडा हळूहळू ओढला की वरच्या पिना आणि स्प्रिंगा परातीत पडतात.

या वेळी एक खालची पिन हातात घेऊन नीट बघा. तिचं टोक पेन्सिलीसारखं निमुळतं असतं, म्हणूनच किल्लीचा उतार तिच्याखाली सहज शिरतो. दुसरं टोक सपाट. सगळा खेळ या सपाट टोकाचा आहे. ते प्लगच्या कडेशी आलं की पिन जागी बसली.

जोडताना पहिल्या भोकापुरताच दांडा मागे घ्या, चिमट्याने स्प्रिंग आणि वरची पिन आत बसवा, चिमट्यानेच दाबून धरून दांडा वर सरकवा. प्लगच्या पहिल्या भोकात तिची खालची पिन ठेवा, किल्ली घाला, प्लग तसाच थोडा फिरवलेला धरून दांड्याला मागे ढकलत आत न्या. किल्लीने उघडतं ना ते बघा.

पारदर्शक प्लॅस्टिकची सराव-कुलपंही मिळतात. आत काय होतं ते मुलांना दाखवायला ती छान आहेत. हाताला शिकवायला नाहीत, त्यांच्या पिना धातूच्या कुलपासारखं बोलत नाहीत.

उघडणं

सिलिंडर डाव्या हातात धरा, पिना वरच्या बाजूला येतील असा. त्याच हाताच्या तर्जनीने टेन्शनरला पीळ द्या. उजव्या हातात पिक, पेन्सिल धरतो तसं.

पीळ किती? ज्याला हे उमगलं त्याला कुलूप उमगलं. नवशिका नेहमी जास्त देतो, कारण डोक्यात किल्ली फिरवण्याची सवय असते. तर्जनीच्या नखाकडे बघा. नख पांढरं पडत असेल तर जोर फार झाला. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर बोट टेकवून पन्नास ग्रॅम म्हणजे किती ते एकदा अनुभवा आणि तिथून सुरुवात करा. खाडीत गरवायला बसलेला माणूस गरीची दोरी बोटावर नुसती टेकवून बसतो, आवळत नाही. दोरी आवळली तर माशाने आमिषाला लावलेलं तोंड त्याला कळणारच नाही. टेन्शनरवरचं बोट तसंच ठेवायचं. ते बोट ढकलण्यासाठी कमी आणि कळण्यासाठी जास्त आहे.

आधी पीळ न देता पिनेखाली हुक नेऊन ती वर-खाली करा. स्प्रिंग मऊ उचलते आणि परत ढकलते, ही मोकळी पिन. आता पीळ द्या आणि पुन्हा उचला. पिन जड लागते, घासत वर जाते. ही अडकलेली पिन. अगदी सावकाश उचलत राहा. एका क्षणी बारीक टक् होतं, कानाला कमी आणि बोटांना जास्त, आणि टेन्शनर फिरतो. एका पिनेचं कुलूप उघडलं. हे पुन्हा पुन्हा करा, डोळे मिटूनही करा. टक् होण्याआधीचा जडपणा आणि नंतरचा मोकळेपणा यातला फरक बोटांत मुरला पाहिजे.

मग दुसरी पिन घाला, काही दिवसांनी तिसरी. दोन पिना झाल्या की खरा प्रश्न समोर येतो: आधी कुठली? पुढून मागे ओळीने उचलत जायचं नाही. हलका पीळ देऊन प्रत्येक पिनेला नुसतं टेकून या. जी स्प्रिंगने परत ढकलते तिला सोडा, जी ताठ लागते ती आजची पहिली. तिला बसवा, टेन्शनर केसभर हलेल. आता पुन्हा सगळ्यांना टेकून या, दुसरी कुठली तरी ताठ झालेली असेल. प्रत्येक कुलपाचा हा क्रम ठरलेला असतो, तो वहीत लिहून ठेवला तर पुढच्या वेळी हात थेट तिथे जातो.

टेकल्यावर पिनेकडून चार उत्तरं येऊ शकतात. मऊ स्प्रिंग म्हणजे तिची पाळी आलेली नाही. ताठ आणि घासत जाणारी म्हणजे तिची पाळी आहे. जराशी डुगडुगते आणि वर जात नाही, स्प्रिंगही जाणवत नाही, म्हणजे बसलेली आहे, तिला हात लावू नका. आणि दगडासारखी घट्ट, डुगडुगतही नाही, म्हणजे जास्त उचलली गेली. तिची खालची पिनच कडेच्या वर जाऊन अडकली. नवशिक्याचं कुलूप बहुतेक वेळा या चौथ्या कारणाने अडून बसतं. अशा वेळी टेन्शनर एकदम सोडायचा नाही, सगळी मेहनत खाली पडते. पीळ इतका हळू कमी करा की एकच पिन खाली उतरल्याचा टक् येईल. पुष्कळदा नेमकी तीच उतरते आणि बाकीच्या जागेवर राहतात.

पाव तासाहून जास्त सलग बसू नका. बोटं बधिर होतात आणि नकळत पीळ वाढत जातो.

रेक नावाचं लाटांच्या आकाराचं पिक आत घालून मागे-पुढे खसखसवलं तरी स्वस्तातली कुलपं उघडतात. ते शिकायला हरकत नाही, पण पाच पिना एकेक करून बसवता आल्यावर शिका. रेकने कुलूप उघडतं, पण का उघडलं ते कळत नाही आणि पुढचं कुलूप अडलं की काय करायचं तेही कळत नाही.

चांगल्या प्रतीच्या कुलपात वरच्या काही पिना डमरूसारख्या मध्ये बारीक असतात. त्यांना स्पूल पिना म्हणतात. प्लग चांगला पाच-दहा अंश फिरतो, उघडल्यासारखं वाटतं आणि तिथेच थांबतो. डमरूचा बारीक भाग कडेत अडकलेला असतो. एकेका पिनेला हलके उचला. जिला उचलताना टेन्शनर उलटा, बोटाच्या दिशेने परत येऊ लागतो ती स्पूल पिन. त्याला येऊ द्या. पीळ पूर्ण न सोडता बोट सैल करा, पिक वर ढकलत राहा, डमरूचा खालचा जाड भाग निसटून वर जाईल. आधी बसवलेली एखादी पिन यात खाली पडेल, ती पुन्हा बसवा. महिन्याभराच्या सरावाआधी या कुलपांकडे जाऊ नका.

बंद घराचं गंजलेलं कुलूप

टेबलावरचं स्वच्छ कुलूप आणि दर्याकाठच्या गावातल्या पडवीचं कुलूप यात फार अंतर आहे. मीठ आणि धूळ यांनी भरलेल्या कुलपात सगळ्याच पिना ताठ लागतात, त्यामुळे कुठली अडकली ते कळायला मार्ग नसतो. इथे पिक आधी काढायचं नाही. आधी धुवायचं.

किल्ली असेल तरी जोर लावू नका. डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे नळीने किल्लीच्या भोकात आणि वरची कडी ज्या दोन भोकांत शिरते तिथेही मारा. ही दुसरी जागा हमखास विसरली जाते. बऱ्याच कुलपांत पिना ठीक असतात, कडीच अंगात गंजून बसलेली असते. दहा-पंधरा मिनिटं थांबा. किल्ली न फिरवता नुसती आत-बाहेर करा, दर वेळी बाहेर आलेला तांबूस गाळ फडक्याने पुसा, पुन्हा स्प्रे मारा. लाकडाच्या ठोकळ्याने अंगावर चारी बाजूंनी हलके ठोका, वर अडकलेल्या पिना खाली उतरतात. मग एका हाताने कुलपाचं अंग कडीकडे वर दाबून धरा, म्हणजे आतल्या खिटीवरचा भार जातो, आणि दुसऱ्या हाताने किल्ली हलके फिरवा. किल्ली हरवली असेल तर याच टप्प्यावर टेन्शनर आणि हुक बाहेर काढायचा.

किल्ली आत मोडली असेल तर प्लग आधी सरळ, किल्ली घालतानाच्या जागी आणा. फिरलेल्या प्लगमधून तुकडा बाहेर येत नाही, कारण पिना त्याला धरून ठेवतात. स्प्रे मारा, लाकडात नक्षी कापायच्या करवतीचं बारीक पातं किल्लीच्या दातांच्या बाजूने आत सरकवा, दात मागे वळलेले ठेवून. थोडं वळवून तुकड्यात रुतवा आणि ओढा. तुकडा जपून ठेवा, चावीवाला त्यावरून नवी किल्ली कापून देतो.

उघडल्यावर ते कुलूप तसंच परत लटकवू नका. स्प्रेने धुतलेलं कुलूप वाळू द्या आणि मग शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब किंवा सिलिकॉनचा स्प्रे द्या. खोबरेल घालायची आपल्याकडे जुनी सवय आहे, ती सोडलेली बरी. खोबरेल साधारण चोवीस अंशांच्या खाली गोठतं, थंडीच्या पहाटे पिना त्यात रुतून बसतात, आणि त्याला चिकटलेली रेती वर्षभर आत राहते. पेन्सिलीच्या शिशाची पूडही खाऱ्या दमट हवेत नको. ती ओलाव्यात धातूच्या गंजाला हातभार लावते.

मे महिन्याच्या अखेरीला, पहिला पाऊस पडायच्या आत, एकदा तेल द्या आणि दसऱ्याच्या सुमारास पुन्हा एकदा. प्लॅस्टिकची पिशवी कुलपाला गच्च बांधू नका, दिवसा आत वाफ धरते आणि रात्री तिचं पाणी होतं. त्यापेक्षा सायकलच्या जुन्या ट्यूबचा हातभर तुकडा कोयंड्यावर खिळ्याने ठोका, तो कुलपावरून मोकळा लोंबला पाहिजे. पाऊस अडतो आणि हवा खेळते. नवं घेताना अंग पितळी आणि कडी स्टेनलेसची बघा, ३१६ प्रतीची मिळाली तर समुद्राकाठी तीच घ्या. चकचकीत मुलामा दिलेली लोखंडी कडी पहिल्या पावसातच फोड धरते. दोन किल्ल्यांपैकी एक गावातच, विश्वासाच्या घरी ठेवा आणि दर महिन्याला एकदा कुलूप उघडून लावायला सांगा. फिरतं राहिलेलं कुलूप सहसा अडत नाही.